ध्वनीची मोजपट्टी : नियम काय सांगतात?

सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटच्या वाटेवर वसलेले परतवाडा हे अचलपूरचे जोडगाव. दोन्ही मिळून नगरपरिषद एकच. एके काळी येथे पलटणीची छावणी होती. पुढे मेळघाटच्या सागवानाचे लाकूड आगार, आरागिरण्या, एस. टी. चे आगार आणि बैतूल, धारणी, चिखलदरा, अमरावती या दिशांना जाणारे रस्ते यांमुळे गावाला बाजारपेठेचे रूप आले. रस्त्याच्या कडेला दुकान, दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड, शेजारी शाळा आणि पलीकडे मंगल कार्यालय अशी मिश्र वस्ती येथे दिसते. वऱ्हाडातील बहुतेक तालुक्यांच्या गावांचेही चित्र याहून वेगळे नाही.

अशा गावात आवाजाचा प्रश्न दरवर्षी ठरावीक वेळी डोके वर काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा येतात आणि त्याच सुमारास लग्नसराईही रंगात येते. एका घरात मुलगा किंवा मुलगी पुस्तक उघडून बसलेली असते, दुसऱ्या घरात नुकताच रुग्णालयातून परतलेला वृद्ध झोपेची वाट पाहत असतो आणि समोरच्या रस्त्यावरून ध्वनिवर्धकांच्या भिंती लादलेले वाहन वरातीपुढे सरकत असते. तक्रार केली तर “आवाज मर्यादेतच आहे” असे उत्तर मिळते. मर्यादा म्हणजे नेमकी किती, ती कोठे उभे राहून मोजायची आणि कोणी मोजायची, हे तक्रार करणाऱ्याला ठाऊक नसते. पुष्कळदा उत्तर देणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक नसते. म्हणून या नियमांमागील शास्त्र आणि कायदा यांची ओळख अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

गोंगाट : वायुप्रदूषकांच्या यादीत

ध्वनी आणि गोंगाट यांत भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही हवेच्या दाबातील कंपनेच होत. सनईचे सूर मांडवातील पाहुण्याला मंगल वाटतात, तर शेजारच्या आजाऱ्याला तेच असह्य होतात. नको असलेला ध्वनी म्हणजे गोंगाट, ही व्याख्या सर्वमान्य असली तरी ‘नको असणे’ हे ज्याच्या त्याच्या मनावर अवलंबून राहते. कायद्याला अशा निसरड्या जमिनीवर उभे राहता येत नाही. त्याला आकडा लागतो.

हा आकडा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १९८१ च्या वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती करण्यात येऊन वायुप्रदूषकाच्या व्याख्येत ‘गोंगाटासह’ असा शब्द घालण्यात आला. धूर किंवा धूळ यांच्याप्रमाणेच आवाजही हवा दूषित करतो, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले. १९८९ मध्ये परिसरातील आवाजाची मानके प्रसिद्ध झाली. त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अधिसूचित केले. त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या असून २०१० ची दुरुस्ती त्यांपैकी विशेष महत्त्वाची आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या नियमांत ‘गोंगाट’ या शब्दाची व्याख्या शब्दांत केलेली नाही. क्षेत्र कोणते, वेळ कोणती आणि पातळी किती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच ती साकार होते. त्यामुळे पातळी मोजण्याची रीत समजल्याखेरीज नियमही समजत नाही.

डेसिबलचे गणित

ध्वनीची पातळी डेसिबल या एककात मोजतात. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हे एकक आले. निकोप तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा सूक्ष्म आवाज म्हणजे शून्य डेसिबल. हवेच्या दाबातील बदलाच्या भाषेत तो २० मायक्रोपास्कल इतका धरतात. कुजबूज साधारणतः ३० डेसिबलची, तर घरातील नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते.

डेसिबलची पट्टी मीटर किंवा किलोसारखी सरळ चढत नाही, ती गुणाकाराने चढते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट मोठ्या आवाजासारखी जाणवते. म्हणून ५५ ऐवजी ७५ डेसिबल म्हणजे “थोडेसेच जास्त” हा युक्तिवाद टिकत नाही. त्यात ऊर्जा शंभरपट झालेली असते.

याच कारणाने डेसिबलची बेरीज साध्या अंकगणिताने होत नाही. ८० डेसिबलचा एक ध्वनिवर्धक वाजत असताना तेवढ्याच ताकदीचा दुसरा शेजारी लावला, तर एकूण पातळी १६० होत नाही, ८३ होते. उलट बाजूने पाहिले तर दोनपैकी एक ध्वनिवर्धक बंद केल्याने तीनच डेसिबल कमी होतात. “अर्धे कर्णे काढले” असे सांगणाऱ्या मंडळाने शेजाऱ्यांचा त्रास अर्धा केला, असे मुळीच म्हणता येत नाही.

अंतराचा नियमही असाच आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा आवाज, अंतर दुप्पट होईल तसा प्रत्येक वेळी सहा डेसिबलने घटतो. एका मीटरवर १०० डेसिबल देणारा ध्वनिवर्धक दोन मीटरवर ९४, चार मीटरवर ८८, सोळा मीटरवर ७६ आणि शंभर मीटरवर ६० डेसिबल देतो. रस्त्यावरील वाहनांच्या सलग रांगेचा आवाज याहून संथपणे, म्हणजे दर दुप्पट अंतराला तीन डेसिबलनेच कमी होतो. दोन्ही बाजूंना पक्क्या इमारती असल्या तर परावर्तनामुळे ही घट आणखी मंदावते.

हवामानाचाही त्यात वाटा असतो. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा ध्वनिलहरींना वर वळवते. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार झाली की त्याच लहरी खाली वाकतात आणि दूरवर ऐकू येतात. परतवाडा-बैतूल मार्गावरील बहिरमची यात्रा ऐन थंडीत भरते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. अशा दिवसांत दुपारी शेजारच्या शिवारातही न पोचणारा कर्णा रात्री पुढच्या गावापर्यंत का ऐकू येतो, याचे कारण येथे आहे. रात्रीसाठी वेगळी व कडक मर्यादा ठेवण्यामागे माणसाच्या झोपेइतकाच निसर्गाचा हा नियमही विचारात घेण्यासारखा आहे.

‘ए’ अक्षराचा अर्थ

नियमांतील पातळी नुसत्या डेसिबलमध्ये दिलेली नसून ‘डीबी(ए)’ या रूपात दिलेली आहे. मानवी कान सर्व कंपनांना सारखा प्रतिसाद देत नाही. मधल्या व उंच स्वरांना तो तीक्ष्ण असतो, अगदी खालच्या घुमणाऱ्या स्वरांना मंद असतो. ध्वनिमापक यंत्रात ‘ए’ हा भार निवडला की ते यंत्रही कानाचे अनुकरण करते आणि खालच्या स्वरांची मोजणी कमी धरते. सेकंदाला १००० कंपनांच्या ध्वनीत काहीही वजावट होत नाही. १२५ कंपनांच्या ध्वनीतून सुमारे १६ आणि ६३ कंपनांच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा होतात.

बोलणे, वाहतूक, भोंगे यांसाठी ही रीत योग्यच आहे. परंतु मोठ्या ध्वनिवर्धकांतून निघणाऱ्या ठोक्यांच्या संगीतात तिची एक मर्यादा उघड होते. ६३ कंपनांचा ठोका प्रत्यक्षात ९० डेसिबलचा असला तरी ‘ए’ भारावर यंत्र ६४ च्या जवळपास आकडा दाखवील. खालचे स्वर भिंती-खिडक्यांतूनही सहज आरपार जातात. परिणामी घरातील भांडी थरथरतात, छातीत धडधड जाणवते आणि तरीही यंत्रावरचा आकडा फारसा भयानक दिसत नाही. ‘सी’ नावाचा दुसरा भार यातील बहुतेक ऊर्जा मोजतो. फटाक्यांसाठी केलेल्या मानकात त्याचा उपयोग केलेला आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर ‘सी’ भाराने १४५ डेसिबलच्या शिखरापेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्याच्या निर्मितीस व विक्रीस मनाई आहे. परिसराची मानके मात्र ‘ए’ भारावरच आधारलेली आहेत. केवळ आकड्यावर विसंबून सर्व प्रकारचा त्रास पकडता येत नाही, ही जाणीव अंमलबजावणी करणाऱ्याने ठेवावयास हवी. अशा प्रसंगी कायद्यात दुसरा मार्ग आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

सरासरी, पण ऊर्जेची

आवाज क्षणोक्षणी बदलतो. ट्रक गेला की यंत्राचा काटा चढतो, गेल्यावर उतरतो. मग कोणता आकडा खरा मानायचा? नियमांनी यासाठी ‘एलईक्यू’ ही संज्ञा स्वीकारली आहे. ठरावीक कालावधीतील ध्वनिपातळीची ऊर्जेच्या दृष्टीने काढलेली सरासरी, असा तिचा अर्थ आहे.

एका उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. एखाद्या वस्तीत तासातील ५४ मिनिटे ५० डेसिबल इतकी शांतता आहे आणि उरलेली ६ मिनिटे वरात घरासमोरून जाताना ९५ डेसिबलचा आवाज झाला. या आकड्यांची साधी सरासरी काढली तर ती ५४.५ येते आणि निवासी क्षेत्राची ५५ ची मर्यादा पाळली गेली असा भास होतो. ऊर्जेची सरासरी काढली असता त्या तासाचा एलईक्यू ८५ डेसिबल येतो. सहा मिनिटांच्या गोंगाटाने सबंध तास व्यापलेला असतो, हे या आकड्यातून दिसते. तीच सहा मिनिटे दिवसाच्या सोळा तासांवर पसरली तरी एलईक्यू ७३ येतो. तोही मर्यादेच्या बराच वर आहे. मोजणीच्या अहवालात कालावधी किती धरला, हे लिहिणे का आवश्यक आहे, ते यावरून कळेल. कालावधीविना दिलेला एलईक्यू हा प्रमाणाविना दिलेल्या औषधासारखा आहे.

चार क्षेत्रे, दोन वेळा

नियमांनी भूभागाचे चार प्रकार केले आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली आहे. एलईक्यूच्या स्वरूपातील मानके डीबी(ए) मध्ये पुढीलप्रमाणे आहेत :

औद्योगिक क्षेत्र : दिवसा ७५, रात्री ७०
व्यापारी क्षेत्र : दिवसा ६५, रात्री ५५
निवासी क्षेत्र : दिवसा ५५, रात्री ४५
शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४०

मिश्र वस्तीचे क्षेत्र यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. परतवाड्यासारख्या गावात हा प्रश्न कळीचा आहे. खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेला रस्ता व्यापारी ठरला तर रहिवाशांना रात्री ५५ पर्यंतचा आवाज सोसावा लागेल, निवासी ठरला तर ४५ च्या वर जाता येणार नाही. दहा डेसिबलचा हा फरक कागदावरील एका नोंदीने पडतो. क्षेत्रांचे वर्गीकरण करण्याची जबाबदारी राज्य शासनावर आहे. तसेच विकासाची कामे आखताना किंवा नगररचनेची कार्ये पार पाडताना ध्वनिप्रदूषणाचे सर्व पैलू विचारात घेण्याचे बंधन विकास प्राधिकरणे व स्थानिक संस्थांवर आहे. आरागिरणी कोठे असावी, मंगल कार्यालयाला परवानगी कोठे द्यावी, बसथांब्याजवळ शाळा असावी काय, हे प्रश्न म्हणूनच ध्वनिनियमांचेही प्रश्न आहेत.

ध्वनिक्षेपकाची हद्द

ध्वनिक्षेपक लावण्यापूर्वी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. पण परवानगी मिळाली म्हणजे आवाजाला मोकळे रान मिळाले असे नव्हे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला असेल तर त्या जागेच्या सीमेवरील आवाज, त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डीबी(ए) अधिक किंवा ७५ डीबी(ए), यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा ही हद्द ६५ होते, व्यापारी भागात ७५. औद्योगिक भागात दहा मिळवल्यास ८५ होतात, तथापि तेथेही ७५ हीच हद्द राहते. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेस याहून कमी, म्हणजे पाचच डेसिबलची सूट आहे. निवासी भागातील खाजगी घराच्या सीमेवर दिवसा ६० पेक्षा जास्त आवाज असता कामा नये.

मोजणी कोठे उभे राहून करावयाची याचे उत्तर ‘सीमेवर’ या एका शब्दात आहे. कर्ण्याच्या तोंडाशी मोजलेला आकडा आयोजकावर अन्याय करतो, तर दूरच्या चौकात मोजलेला आकडा शेजाऱ्यावर. मैदानाचे कुंपण किंवा मांडवाची हद्द हीच मोजणीची योग्य जागा होय.

शांतता क्षेत्र : घोषणा आवश्यक

रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. तेथे संगीत वाजविणे, ध्वनिवर्धक वापरणे, ढोल-ताशा बडविणे, भोंगा वाजविणे, आवाजाचे फटाके फोडणे अशी कृत्ये केल्यास ती करणारा शास्तीस पात्र ठरतो. या कृत्यांसाठी डेसिबल मोजण्याची अटही घातलेली नाही.

या तरतुदीबाबत एक बारकावा शाळा व रुग्णालयांच्या चालकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. १० ऑगस्ट २०१७ रोजी झालेल्या दुरुस्तीनुसार, राज्य शासनाने विशेषत्वाने घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरत नाही. ही दुरुस्ती न्यायालयात आव्हानित झाली. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या अंतरिम आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये स्थगिती दिली. व्यवहारात याचा अर्थ असा की, शाळेच्या फाटकावर ‘शांतता राखा’ असा फलक लावल्याने कायद्याचे संरक्षण लाभत नाही. त्यासाठी शासनाची घोषणा असावी लागते. आपली शाळा, आपले ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र घोषित यादीत आहे काय, याची चौकशी करणे आणि नसल्यास प्रस्ताव पाठविणे हे पहिले पाऊल होय.

शंभर मीटरचे अंतर पुरेसे आहे काय, याचे उत्तर वरील गणितातच मिळते. एका मीटरवर १०० डेसिबल देणारा कर्णा शंभर मीटरवर ६० डेसिबल देतो आणि शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० आहे. म्हणजेच क्षेत्राच्या हद्दीबाहेर लावलेल्या कर्ण्यालाही त्याच्या सीमेची मर्यादा पाळावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गखोलीसाठी ३५ आणि शयनगृहासाठी ३० डेसिबलची पातळी सुचविली आहे. शिक्षकाचे बोलणे मागच्या बाकापर्यंत स्पष्ट पोचावे, ही त्यामागील साधी अपेक्षा आहे.

मोजणीची शिस्त

मोजणी न्यायालयात टिकावी असे वाटत असेल तर ती शिस्तीने केली पाहिजे. यंत्र मान्य दर्जाचे असावे. मोजणीपूर्वी आणि मोजणीनंतर प्रमाणित ध्वनी देणाऱ्या साधनाने ते तपासावे. या तपासणीसाठी बहुधा ९४ डेसिबलचा, १००० कंपनांचा ध्वनी वापरतात. ध्वनिग्राहकावर वाऱ्यापासून बचाव करणारे स्पंजचे आवरण असावे. तो जमिनीपासून साधारणतः सव्वा ते दीड मीटर उंचीवर धरावा आणि भिंतीसारख्या परावर्तक पृष्ठभागापासून दूर ठेवावा. पाऊस किंवा जोराचा वारा असताना घेतलेली नोंद ग्राह्य धरू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पार्श्वभूमीचा आवाज. ध्वनिक्षेपक चालू असताना ६८ आणि बंद असताना ६५ डेसिबल अशी नोंद झाली, तर ध्वनिक्षेपकाचा स्वतःचा वाटा ६५ डेसिबलचा ठरतो, ६८ चा नव्हे. दोन्ही नोंदींत दहापेक्षा अधिक फरक असल्यास पार्श्वभूमीचा परिणाम नगण्य मानता येतो. म्हणून शक्य तेथे दोन्ही नोंदी घ्याव्यात. दिनांक, वेळ, जागा, अंतर, कालावधी, भार आणि यंत्राचा क्रमांक पंचनाम्यात लिहावा.

भ्रमणध्वनीवरील मापनाची साधने आता सहज मिळतात. वर्गात डेसिबल समजावून देण्यासाठी अथवा तक्रारीपूर्वी अंदाज घेण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो. परंतु त्यांची तपासणी झालेली नसते, त्यामुळे त्यांचा आकडा पुरावा म्हणून पुढे करणे इष्ट नाही.

रात्री घड्याळ पुरेसे

वरील सर्व विवेचनावरून आवाजाची तक्रार करणे म्हणजे प्रयोगशाळेचे काम आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. नियम ७ अन्वये, मानकापेक्षा आवाज १० डीबी(ए) किंवा त्याहून जास्त असल्यास कोणाही व्यक्तीस प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. २०१० च्या दुरुस्तीने त्यात रात्रीच्या निर्बंधांच्या भंगाचीही भर घातली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक किंवा कोणतेही वाद्य उघड्यावर वाजविण्यास मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापर आणि सार्वजनिक आणीबाणी एवढेच त्याला अपवाद आहेत. कापडी मांडव बंदिस्त जागेत मोडत नाही. निवासी भागात रात्री वाहनाचा भोंगा आणि गोंगाट करणारी बांधकामाची यंत्रे यांनाही प्रतिबंध आहे. याचा अर्थ रात्री दहानंतर डेसिबल मोजण्याची गरज नाही, घड्याळ पुरते.

सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य शासन कॅलेंडर वर्षात एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ ही दोन तासांची सूट देऊ शकते. हे दिवस अगोदर जाहीर करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. मात्र या दोन तासांतही सीमेवरील डेसिबलची मर्यादा कायम असते.

आकडा आणि त्रास : दोन कसोट्या

आकड्याच्या कसोटीला पूरक अशी दुसरी कसोटी नियम ८ मध्ये आहे. लोकांना होणारा त्रास, उपद्रव, गैरसोय किंवा इजा टाळणे आवश्यक आहे, अशी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या अहवालावरून अथवा तक्रारदाराच्या माहितीवरून प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास तो लेखी आदेशाने संगीत, वाद्य किंवा ध्वनिक्षेपक यांवर निर्बंध घालू शकतो. संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधीही नियमाने ठेवली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ मध्येही याच आशयाचा अधिकार आहे. ‘ए’ भारावर कमी दिसणारे, पण घर हादरविणारे ठोके याच कसोटीने आवरता येतात.

प्राधिकारी म्हणून जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी पदनिर्देशित करता येतो. सर्वसामान्य नागरिकास ११२ या क्रमांकावरून पोलिसांना कळविता येते. आपले नाव उघड झाल्यास गावात वैर येईल, ही भीती अनेकांना गप्प बसविते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मधील निर्णयात तिची दखल घेतली. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, प्रथम समज द्यावी, पुन्हा भंग झाल्यास दंड करावा आणि त्यानंतरही न ऐकल्यास ध्वनिक्षेपक जप्त करावा, असा क्रम त्या निर्णयात सांगितला आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. ध्वनिप्रदूषणाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निर्णय १८ जुलै २००५ चा असून नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे तत्त्व त्यात अधोरेखित झाले आहे.

शिक्षेच्या तरतुदीतही बदल झाला आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील पूर्वीच्या कारावासाच्या शिक्षेऐवजी २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. सार्वजनिक उपद्रवासंबंधीच्या तरतुदी आता भारतीय न्याय संहितेत आहेत.

स्थानिक संस्था व शाळांचे कार्य

उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर राज्यातील २७ महानगरपालिका शहरांचे ध्वनी-नकाशे तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी ते पार पाडले. नगरपरिषदेची गावे आणि ग्रामपंचायती त्या योजनेत नव्हत्या. त्यांना आपला नकाशा आपणच काढावा लागेल. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. गावातील शाळा, रुग्णालये, मंगल कार्यालये, आरागिरण्या, बसथांबे व उत्सवांची मैदाने एका साध्या नकाशावर दाखविली तरी संघर्षाच्या जागा डोळ्यांपुढे येतात.

ग्रामपंचायतीला ध्वनिक्षेपकाचा परवाना देण्याचा अधिकार या नियमांनी दिलेला नाही. परंतु ग्रामसभा पुष्कळ काही करू शकते. परीक्षेच्या काळात कर्णे न लावण्याचा ठराव, शांतता क्षेत्राचा प्रस्ताव, मंडळे व मंगल कार्यालयांचे चालक यांची उत्सवापूर्वी बैठक, कर्ण्यांची तोंडे वस्तीकडे न ठेवता श्रोत्यांकडे व किंचित खाली वळविण्याचा आग्रह, एका उंच कर्ण्याऐवजी कमी आवाजाची अनेक ध्वनियंत्रे लावण्याची सूचना, हे सर्व तिच्या आवाक्यातले आहे. अंतराचा नियम येथे उपयोगी पडतो. श्रोत्यांजवळचा लहान ध्वनिवर्धक त्यांना स्पष्ट ऐकू येतो आणि सीमेपर्यंत पोचेतो मंदावतो. सिमेंट रस्त्याच्या कामावरील किंवा दुकानाबाहेरील जनित्रालाही त्याच्या आच्छादनापासून एक मीटरवर ७५ डीबी(ए) ची मर्यादा आहे, हे ठेकेदारास व दुकानदारास सांगता येईल.

शिक्षकांसाठी हा विषय विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा संगम आहे. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत आवाज कसा घटतो, साधी सरासरी व ऊर्जेची सरासरी यांत फरक का पडतो, खिडकी मिटल्याने किती डेसिबल कमी होतात, हे प्रयोग विद्यार्थी सहज करू शकतात. अशा शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी उद्या मंडळाचा कार्यकर्ता होईल, तेव्हा मर्यादेचा अर्थ त्याला सांगावा लागणार नाही.

वऱ्हाडाला सामूहिक शिस्तीची परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस गुरुकुंज मोझरी येथे लाखो लोक एकत्र येतात आणि मौन श्रद्धांजली वाहतात. एवढ्या मोठ्या समुदायाला काही क्षण पूर्णपणे शांत राहता येते. मग एका वस्तीला रात्री दहानंतर शांत राहणे अशक्य का असावे? नियमांनी आकडा दिला, यंत्राने तो मोजण्याची सोय केली, न्यायालयांनी त्यामागे अधिकार उभा केला. आता गावागावांत क्षेत्रे निश्चित होणे, शांतता क्षेत्रे घोषित होणे आणि तक्रारीची दखल त्याच रात्री घेतली जाणे, या तीन गोष्टी झाल्या तर परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला आणि अंथरुणावरील रुग्णाला कायद्याचा लाभ प्रत्यक्षात मिळेल.